लांब पायांचा पक्षी

"पोरं दगड मारत होती, म्हणून टॉवेलात गुंडाळून आणलाय," असं म्हणत भिसे गुरुजींनी कापडी पिशवी अप्पांच्या टेबलावर ठेवली. पिशवी हलली आणि आतून किरकिर ऐकू आली.

"गुरुजी, मी म्हशीचा डॉक्टर. हे काय आणलंत?"

"तारेच्या कुंपणात पाय अडकून लोंबत होता हो. सबंध तालुक्यात तुमच्याशिवाय दुसरं कोण बघणार याला?"

आमच्या करमाळ्याच्या घराचा पुढचा भाग म्हणजे अप्पांचा जनावरांचा दवाखाना. मधलं दार उघडं असलं की माझ्या गादीवरून मला टेबलाचे पाय, येणाऱ्यांच्या चपला आणि फार तर गुडघे दिसत. त्या हिवाळ्यात मी जग एवढंच पाहत होते. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीने माझ्या लूनाला उडवलं होतं, मांडीचं हाड मोडलं होतं, सोलापूरच्या डॉक्टरांनी त्यात सळई घातली होती आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नुकतीच लागलेली माझी नोकरी बिनपगारी रजेवर गेली होती. बार्शीचं ठरलेलं स्थळही गेलं. त्या लोकांनी कारण दिलं नाही. आईनेही विचारलं नाही.

अप्पा पक्षी हातात धरून मधल्या दारात आले तेव्हा मला तो पहिल्यांदा दिसला. तपकिरी रंगाचा, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, आणि चेहऱ्याभोवती घुबडासारखं कडं. एक पाय खाली नुसता लोंबत होता.

"ससाणाच दिसतोय," अप्पा म्हणाले. "पण पाय बघा याचे. शिकारी पक्ष्याचे पाय कसे आखूड, जाड, मनगटासारखे असतात. हे तर बगळ्याचे चिकटवल्यासारखे दिसतात. एवढ्या लांब काड्या मोडतील नाही तर काय!"

मुनाफकाका हसले. ते अप्पांचे कंपाउंडर. माझ्या जन्माच्या आधीपासून ते आमच्याकडे होते आणि अप्पांच्या प्रत्येक वाक्यावर हसणं हे त्यांच्या कामातच धरलेलं होतं.

अप्पांबद्दल थोडं सांगायला हवं. तालुक्यात त्यांचं नाव होतं ते बसलेल्या जनावरांसाठी. गाय-म्हैस व्यायली, अंगातलं बळ गेलं आणि बसली की कितीदा तरी ती पुन्हा उठत नाही. अंगाचं वजन पायांवर पडून पायच मरतात. लोक तिच्या तोंडात पाणी घालून मोकळे होतात. अप्पा तसे नव्हते. ते जीपमधून साखळीची कप्पी आणि पोत्याचे पट्टे घेऊन जायचे, लिंबाच्या फांदीला कप्पी बांधायचे आणि पोटाखाली पट्टे घालून म्हशीला सरळ उभी करायचे. म्हैस हंबरायची, मालकीण रडायची, अप्पा ओरडायचे, "ऊठ! ऊठ गं बये! जमीन खाईल तुला!" आणि पुष्कळ म्हशी खरंच उठायच्या. मी लहानपणी हे पाहिलंय. मला वाटायचं, त्या कप्पीने नाही, ओरडण्याने उठतात.

'जमीन खाते' हा त्यांचा लाडका शब्दप्रयोग होता. माझ्या बाबतीतही तोच. मला कॉट सोसत नव्हती, चढता-उतरताना पाय ठणकायचा, म्हणून गादी खाली टाकलेली. दोन्ही हातांवर भार देऊन मी घरभर ढुंगणावर सरकत फिरायची. सळई घातलेला पाय पुढे ताठ. वॉकर कोपऱ्यात उभा असायचा. अप्पा रोज सकाळी माझ्या काखेत हात घालायचे आणि म्हणायचे, "चल, ऊठ." मी किंचाळायची. तरी ते उभी करायचे. थोडा वेळ उभी राहिले की मला घाम फुटायचा आणि मी त्यांना नाही नाही ते बोलायची. ते ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

पक्ष्याचं ऑपरेशन त्यांनी त्याच दुपारी केलं; ते कसं झालं हे मुनाफकाकांनी मला नंतर सांगितलं. माणसाच्या पाठीच्या कण्यात टोचतात तसली लांब सुई त्यांनी मोडलेल्या हाडाच्या पोकळीत सारली आणि वरून कागदाच्या पट्ट्यांचा साचा बांधला. पन्नास वर्षांचा जाडजूड माणूस, आयुष्यभर म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणारा, श्वास रोखून बोटभर हाडावर वाकला होता. काम झाल्यावर बाहेर आले ते वेगळेच दिसत होते.

"नलू, असं काम मी जन्मात केलं नव्हतं," ते म्हणाले. "हा पक्षी उडाला ना, तर मी समजेन की..." पुढे त्यांनी काय समजायचं ठरवलं होतं ते बोलले नाहीत. माझ्या पायाकडे बघून आत गेले.

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "आता हा राहणार कुठे?"

"बाहेर मांजरं आहेत. नलूच्या खोलीत राहील."

"छान! म्हणजे एका खोलीत दोन पेशंट. एकाला उंदीर, एकीला शिरा."

खरंच तसं झालं. मुनाफकाका धान्याच्या गोदामातून उंदीर धरून आणायचे. अप्पांनी जुन्या खुर्चीच्या पाठीला काथ्याची दोरी गुंडाळून पक्ष्यासाठी उंच बैठक केली. साचा निघाला, मग एक दिवस सुईही निघाली, आणि त्यांनी पक्ष्याला त्या बैठकीवर ठेवलं. त्याने बोटं आवळली, डुगडुगला आणि फडफडत खाली उतरला. त्यांनी पुन्हा ठेवलं. पुन्हा उतरला.

"ताकद नाही अजून," अप्पा म्हणाले. "येईल."

दिवसभर ते बाहेर असत. खोलीत मी आणि तो. मी खाली, तोही खाली, त्यामुळे आमची नजर एका पातळीवर होती. तो माझ्या गादीपासून भिंतीपर्यंत चालत जायचा. ऐटीत, एकेक पाय उंच उचलून, जणू फरशीवर गुडघाभर गवत आहे. मुनाफकाकांनी कोपऱ्यात पोत्याखाली उंदीर सोडला, तर तो लांबूनच मान वाकडी करून ऐकत राहायचा आणि मग एकदम लांब पाय पुढे टाकून पोत्यावरूनच खाली दाबायचा. मोडलेला पायसुद्धा. संध्याकाळ झाली की कोपऱ्यात त्याच्यासाठी टाकलेल्या उसाच्या चिपाडाच्या ढिगात जाऊन पोट जमिनीला टेकवून बसायचा. त्याच वेळी अप्पा घरी यायचे.

"बसलाय," ते दारातूनच म्हणायचे. आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत होता.

"अप्पा, तो दिवसभर चालत होता. मस्त चालतो."

"चालायला ती कोंबडी आहे का? शिकारी पक्षी आहे तो. त्याची जागा वर. खाली बसलेला ससाणा म्हणजे गेलेला ससाणा."

मग ते त्याला उचलून बैठकीवर ठेवायचे. त्याची चोच उघडी पडायची, अंग थरथरायचं. तो उतरायचा. ते ठेवायचे. तो उतरायचा. तीच झटापट सकाळी माझ्याबरोबर. आई एकदा म्हणाली, "अहो, दोघांनाही श्वास घेऊ द्या."

"श्वास घेत बसले की संपलं," अप्पा म्हणाले.

पुढे पुढे तो खाईनासा झाला. रोजच्या धरपकडीने शेपटीची पिसं मोडली. अप्पा आले की कोपऱ्यात अंग चोरायचा. मीही सकाळी त्यांची पावलं वाजली की झोपेचं सोंग घ्यायची. माझ्या मनात तेव्हा काही उरलं नव्हतं, हे खरं आहे. पाय दुखायचा ते निमित्त होतं. उठून कुठे जायचं, हे मला माहीत नव्हतं. बार्शीला नाही, एक्स्चेंजमध्ये नाही. त्या खोलीत निदान एक जीव होता जो माझ्यासारखाच खाली होता आणि तरी लाचार दिसत नव्हता. त्याच्याकडे बघत मी दिवस काढायची.

एका संध्याकाळी अप्पा आले, त्याला चिपाडात बसलेला पाहिला आणि या वेळी उचलला नाही. बराच वेळ उभे राहिले. मग दवाखान्यात गेले. मधलं दार लोटलेलं होतं, पण ते नीट लागत नसे.

"उठत नाही मुनाफ," त्यांचा आवाज आला. "सगळं करून पाहिलं. माझंच काम कुठेतरी चुकलं. हाड धरलंच नाही."

"थोडे दिवस बघू या का साहेब? पोरीला लळा लागलाय त्याचा."

"लळा आपला. त्याला काय? जे उठायचं नाही, ते नुसतं जिवंत ठेवण्यात काय अर्थ आहे? रोज उचलायचं, रोज पडताना बघायचं. हाल आहेत ते. त्याचे आणि बघणाऱ्याचेही. त्यापेक्षा सुटलेलं बरं."

"अहो, हळू बोला," आई दबक्या आवाजात म्हणाली. "ती जागी आहे."

मी पांघरूण डोक्यावरून घेतलं.

मुनाफकाका आले, पक्ष्याला टॉवेलात घेतलं आणि माझ्याकडे न बघता गेले. इंजेक्शनची बाटली फोडल्याचा आवाज आला. तो आवाज मी हजारदा ऐकला होता. त्या दिवशी मात्र मला वाटलं, पुढचा नंबर लागलाय आणि मी रांगेत आहे. हे वेडेपणाचं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. कळून भीती जात नाही.

थोड्या वेळाने मुनाफकाकांचा आवाज आला. "साहेब... हे तर जुळलंय."

अप्पांनी पाय उघडून पाहिला होता. आपलं कुठे चुकलं ते शोधायला.

ते आत आले, हात न धुता. मधल्या दारात उभे राहिले. "हाड जुळलं होतं नलू," ते म्हणाले. "सांधासुद्धा दिसत नव्हता. मग तो उठत का नव्हता?" त्यांनी हे मलाच विचारलं. मी भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर सकाळी ते काखेत हात घालायला यायचे, पण मी अंग टाकून द्यायची. किंचाळणंही बंद केलं. उभं राहायचा प्रयत्न केला आणि पडले, तर माझाही निकाल लागेल, असं डोक्यात बसलं होतं. प्रयत्नच केला नाही तर निकाल लागत नाही.

माघ संपता संपता सोलापूरला दाखवायची तारीख आली. अप्पांनी जीपच्या मागच्या बाकावर गादी टाकली आणि आम्ही दोघंच निघालो. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.

"फर्स्ट क्लास. हाड जुळलंय."

अप्पांचा चेहरा उतरला. डॉक्टरांना ते कळलं नसावं. त्यांनी माझा गुडघा धरून वाकवून पाहिला. तो जेमतेम वाकला.

"पण हे काय आहे? ही चालत नाही का? डॉक्टरसाहेब, तुम्ही स्वतः डॉक्टर आहात. गुडघा आखडत चाललाय. स्नायू वाळलेत. आता हयगय केलीत तर कायमची अधू होईल. रडू दे, शिव्या देऊ दे, रोज उठवा. आता हिच्या मनावर सोडू नका. तुमच्यावर आहे हे."

"हो," अप्पा म्हणाले.

परतताना संध्याकाळ झाली. करमाळा थोडं राहिलं असताना जीप तापली. अप्पांनी ती रस्त्याच्या कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि वाफ निवायची वाट बघत थांबले. माझा पाय अवघडला होता, म्हणून त्यांनी मला उचलून बाहेर आणलं आणि गवतावर बसवलं. समोर माळ होता. घरं नाहीत, झाडं नाहीत, नुसतं वाळलेलं पिवळं गवत.

पहिला पक्षी कधी आला ते कळलं नाही. गवताच्या शेंड्यांना पोट घासेल इतका खाली, पंख किंचित वर धरून तरंगत गेला. शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. मग दुसरा, मग बरेच. सगळीकडून येत होते. माळावर गोल गोल फिरत होते आणि एकेक करून लांब पाय खाली सोडून गवतात उतरत होते. एक आमच्यापासून थोड्याच अंतरावर मोकळ्या जागेत उतरला. उभा राहिला, मान फिरवून बघितलं. मग ऐटीत, एकेक पाय उंच उचलून, गवतात चालत गेला आणि पोट टेकवून बसला. आमच्या खोलीत बसायचा तसा.

झाड नव्हतंच कुठे. त्यांना झाड नकोच होतं. त्यांचे पाय फांदी आवळायला नव्हतेच. गवतात उभं राहून डोकं वर ठेवायला आणि वरून झडप घालताना गवताच्या तळाशी पोचायला ते तसे लांब होते. भोवत्या हे त्या पक्ष्याचं नाव मला पुढे एका पुस्तकात सापडलं. तेव्हा नाव नव्हतं, पण समोर दिसत होतं.

अप्पांच्या हातात पाण्याचा डबा होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"हे खालीच बसतात," ते म्हणाले.

मी गवतात बसलेल्या त्या पक्ष्याकडे बघत होते.

"तू सांगत होतीस. चालतो म्हणून."

"हो."

"आणि मी त्याला रोज..." ते थांबले. शेवटचे पक्षी उतरत होते. "नलू, त्या संध्याकाळी मी मुनाफशी बोललो, ते तुला आत ऐकू आलं होतं?"

मी 'नाही' म्हटलं असतं तरी त्यांना कळलंच असतं.

"आलं होतं," मी म्हणाले.

अप्पा माझ्याशेजारी गवतावर बसले. मी त्यांना तसं खाली बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. जेवायलाही ते पाटाऐवजी खुर्ची घ्यायचे. बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडले असावेत, आवाज आला नाही. माळावर आता एकही पक्षी दिसत नव्हता. सगळा माळ रिकामा वाटत होता.

इंजिन निवालं. अंधार पडायला लागला. अप्पा उठले, माझ्याजवळ आले. मी सवयीने काखा आवळल्या. आता ते 'चल, ऊठ' म्हणतील आणि या वेळी, मला स्वतःलाच नवल वाटलं, या वेळी मी उठणार होते. पाय जुळला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि शेजारी बसून रडलेल्या माणसाची मला भीती वाटत नव्हती. त्यांनी ओरडायला हवं होतं फक्त. म्हशींना ओरडतात तसं.

त्यांनी हात पुढे केले आणि मागे घेतले. "उचलू का?" त्यांनी विचारलं. "तुला चालणार असेल तरच."

त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. मी मान हलवली. त्यांनी मला लहान मुलीसारखं उचलून जीपमध्ये ठेवलं.

घरी आईने दारातच विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"हाड जुळलंय," अप्पा म्हणाले.

"आणि?"

"आणि काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी होते. झोपेचं सोंग घेतलं नव्हतं. त्यांची पावलं वाजली, दारापर्यंत आली. मला गादीवर बघून ते हलकेच हसले, चहाचा कप माझ्या हाताशी, जमिनीवर ठेवला आणि गेले. त्याच्या पुढच्या दिवशीही. मी वाट बघत होते. आई भांडायची, "अहो, उठवा तिला! तुम्ही नाही तर कोण उठवणार?" त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "तिला जिथे बरं वाटतं तिथे राहू दे. मी एकदा केलं ते पुरे झालं." आईने मला उठवायचा प्रयत्न केला, पण तिच्या हातात ते बळ नव्हतं आणि आवाजात ती जरब नव्हती. वॉकरवर हळूहळू टॉवेल वाळत पडायला लागले.

त्यांच्या धंद्याचंही तेच झालं. म्हैस बसली म्हणून बोलावणं आलं की जायचे, पण कप्पी जीपमध्येच राहायची. म्हशीच्या शेजारी उभे राहून मालकाला विचारायचे, "तिची तीच बसली का?" लोक हसायला लागले, मग दुसऱ्या डॉक्टरकडे जायला लागले.

त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही. तो पक्षी खाली बसायचा कारण ती त्याची जागा होती, त्याचे पायच त्यासाठी होते. माझे पाय त्यासाठी नव्हते. मी खाली होते कारण मी हरले होते. हा फरक म्हशी ओळखणाऱ्या माणसाला दिसायला हवा होता.

गुडघा आखडला तो आखडलाच. पुढे दुसरं ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. आता कुबडी घेऊन मी संडासापर्यंत जाते. बाकी वेळ खाली असते.

अप्पा गेले त्याआधी काही दिवस ते कॉटवर पडून होते आणि मी खाली त्यांच्याजवळ. दुपारची वेळ होती. त्यांनी मान वळवून बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"बरी आहेस ना गं तिथे, खाली?"

"हो अप्पा," मी म्हणाले.

त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी डोळे मिटले. मी तेव्हाही त्यांच्या तोंडाकडे बघत होते, एकदा तरी 'ऊठ' म्हणतील म्हणून.